छोट्या होडीवर फिश फाइंडर: निवडण्यापासून बॅटरी जोडण्यापर्यंत, क्रमाने

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत मी बरेच फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) बसवताना पाहिले, काही स्वतः बसवले, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बसवलेले सुधारून दिले. बिघाड जवळजवळ कधीच यंत्रात नसतो. आधी मोठ्या पडद्याचं यंत्र घेतलं जातं, मग होडीला भोकं पाडली जातात, मग घरात पडलेली कुठली तरी बॅटरी जोडली जाते, आणि आपल्या पाण्याची खोली किती याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. खरा क्रम खोलीपासून सुरू होतो: आधी खोली, मग यंत्र, मग बॅटरी, आणि भोकं त्यानंतर.

हा लेख १५ ते २५ फुटी फायबरच्या किंवा लाकडी होडीसाठी आहे: एक ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन), दोन-तीन माणसं, सकाळी जाऊन दुपारी किंवा संध्याकाळी परत. मोठ्या ट्रॉलरची गोष्ट वेगळी.

## टप्पा १: खरेदीआधी चार गोष्टी कागदावर लिहा

१. तुम्ही किती वावात मासेमारी करता? नेहमीची खोली आणि वर्षात कधीतरी जाता ती सर्वांत जास्त खोली, दोन्ही लिहा. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर. २० वाव म्हणजे ३६-३७ मीटर.

२. होडी कशाची आहे? एकसंध फायबर, आत फोम किंवा लाकूड भरलेलं फायबर, की पूर्ण लाकूड? ट्रान्सड्यूसर (यंत्राचा पाण्यात आवाज सोडणारा भाग) कुठे बसेल हे यावर ठरतं.

३. यंत्र किती तास चालू राहील? निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास धरा.

४. जाळं किंवा दोरी कुठल्या बाजूने ओढता, आणि होडी रोज वाळूवर चढवता का?

चौथा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यात येतच नाही. जाळं उजवीकडून ओढता आणि ट्रान्सड्यूसरही उजव्या बाजूच्या दांड्यावर लावला, तर पहिल्याच आठवड्यात जाळं त्यात अडकतं. मग जाळंही फाटतं आणि केबलही तुटते. होडी ओंडक्यांवरून वाळूत ओढणाऱ्यांचा ट्रान्सड्यूसर तळाच्या खाली राहिला, तर तो पहिल्या ओढीतच जातो.

## टप्पा २: यंत्राची निवड

पडद्यावरचं चित्र म्हणजे काय हे आधी समजून घ्या, म्हणजे निम्मा गोंधळ मिटतो. ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तळावर किंवा माशावर आपटून तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र खोली काढतं. पडद्याच्या उजव्या कडेची एक उभी रेघ म्हणजे ‘आत्ता, होडीच्या खाली’. तिच्या डावीकडे दिसतं ते सगळं मागे पडलेलं. साध्या यंत्राला पुढचं काही दिसत नाही, आणि मासा डावीकडे आहे की उजवीकडे हेही ते सांगत नाही.

सावधान: खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावरून आत येताना या यंत्रावर विसंबू नका. खोली कमी झाल्याचं ते सांगेल तेव्हा तुम्ही पट्ट्यावर पोचलेले असाल.

आता आवाजाची वारंवारता. आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. २०० किलोहर्ट्झचा शंकू अरुंद असतो, साधारण १५ ते २० अंशांचा. त्यात बारकावे चांगले दिसतात. ७७ किंवा ८३ किलोहर्ट्झचा शंकू रुंद असतो, ४५ ते ६० अंशांचा. तो जास्त पाणी झाकतो, पण चित्र ढोबळ येतं. २० मीटर पाण्यात १५ अंशांचा शंकू तळावर सुमारे ५ मीटर रुंदीचं वर्तुळ झाकतो, ४५ अंशांचा सुमारे साडेसोळा मीटर. खडपाची (पाण्याखालच्या खडकाची) कड शोधून तांबोशी किंवा हेकरूसाठी गळ टाकणाऱ्याला अरुंद शंकू हवा. तारली-बांगड्याचा थवा शोधणाऱ्याला रुंद उपयोगी. दोन्ही देणारं यंत्र स्वस्त गटात मिळतं, तेच घ्या.

खोलीच्या आकड्याला भुलू नका. उदाहरणार्थ, गार्मिनच्या स्ट्रायकर ४ या साडेतीन इंची पडद्याच्या यंत्रासाठी कंपनी खाऱ्या पाण्यात ७५० फूट सांगते, म्हणजे १२५ वाव. आपण १० ते २५ वावात फिरतो. याहून जास्त खोलीसाठी मोजलेला प्रत्येक रुपया वाया जातो. तोच पैसा बॅटरी, फ्यूज आणि चांगल्या तारेवर घाला. माझा हिशेब असा: एकूण रकमेतला पाव हिस्सा आधीच बाजूला काढायचा आणि उरलेल्यात यंत्र बसवायचं.

स्वस्त यंत्रांतल्या तीन गोष्टींसाठी मी पैसे देईन: उन्हात दिसणारा पडदा, जीपीएस, आणि पाण्यात बुडालं तरी तग धरण्याचा आयपीएक्स७ दर्जा. जीपीएस असेल तर सापडलेलं खडप खूण करून ठेवता येतं, आणि वर्षभरात या खुणाच यंत्रापेक्षा मोलाच्या ठरतात. तयार नकाशासाठी मात्र जास्त पैसे देऊ नका. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या यंत्रात बहुतेक वेळा तिकडच्या तळ्यांचे नकाशे भरलेले असतात.

पाण्यात फेकून मोबाइलवर चित्र दाखवणारे चेंडूसारखे फिश फाइंडर तलावाच्या काठावर ठीक आहेत. चालत्या होडीमागे ते उड्या मारतात, आणि पाण्याखाली गेले की वायफाय तुटतं. समुद्रासाठी घेऊ नका.

पैसे देण्याआधी तपासा:
- खोक्यात ट्रान्सड्यूसर आहे का? तेच यंत्र ट्रान्सड्यूसरशिवाय कमी किमतीत विकलं जातं. स्वस्त दिसलं म्हणून मागवून फसलेले तिघे मला माहीत आहेत.
- ट्रान्सड्यूसरच्या केबलची लांबी तुमच्या होडीला पुरते का? मागच्या फळीपासून तुम्ही बसता तिथपर्यंत दोरीने मोजा आणि वर एक वाव धरा.
- यंत्राला किती व्होल्ट चालतात? १० ते २० व्होल्ट असेल तर १२ व्होल्टची बॅटरी बिनधास्त चालते.
- मापाच्या एककांत फॅदम आहे का? फॅदम म्हणजे आपला वाव. ते लावलं की वडीलधाऱ्या तांडेलांनी (होडीच्या नाखव्यांनी) सांगितलेली खोली आणि पडद्यावरची खोली सरळ जुळते. मीटर-फुटांचं गणित करत बसावं लागत नाही.

## टप्पा ३: बॅटरीचा हिशेब

इथे घाई करू नका. मी पाहिलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथूनच सुरू झालेल्या असतात.

हिशेब सोपा आहे: यंत्र खातं ते अँपिअर गुणिले तास. स्ट्रायकर ४ सारखं छोट्या पडद्याचं यंत्र १२ व्होल्टवर सुमारे पाव अँपिअर घेतं. ९ तास चाललं तर २.२५ अँपिअर-अवर. सात इंची यंत्र एक अँपिअर घेत असेल तर ९ अँपिअर-अवर. तुमच्या यंत्राचा आकडा माहितीपुस्तिकेत असतो, तो पडद्याच्या पूर्ण उजेडाला धरा. समुद्रावर दुपारी उजेड पूर्णच लागतो.

आता बॅटरी कोणती?

एसएमएफ म्हणजे यूपीएसमध्ये असते ती सीलबंद शिशाची बॅटरी. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळते, वजन दोन-सव्वादोन किलो. हिची अट एकच: निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही. म्हणून लागणाऱ्या आकड्याच्या दुप्पट घ्या. २.२५ ची दुप्पट ४.५, म्हणजे ७ ची बॅटरी आरामात पुरते. सात इंची यंत्राला ९ ची दुप्पट १८ येते. नेमकी १८ ची न घेता एक पायरी वरची घ्या, कारण जुनी होत जाईल तशी तिची ताकद उतरते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची ८० टक्के ताकद वापरता येते, वजन जवळपास निम्मं, आणि आयुष्य कितीतरी जास्त. पण तिचा चार्जर वेगळा, सुमारे १४.६ व्होल्टचा, त्याच बॅटरीसाठी बनवलेला हवा. दुसरी गोष्ट, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, आणि मग आतलं संरक्षक सर्किट एकदम वीज तोडतं. पडद्यावरचा व्होल्टेज पाहून किती उरलीय हे कळत नाही, तासच मोजावे लागतात.

रोज समुद्रावर जाणाऱ्याने लिथियम घ्यावी. आठवड्यातून एकदा-दोनदा जाणाऱ्याला एसएमएफ पुरेशी आहे.

आणि या जोडू नका:

- मोटारसायकलची बॅटरी. ती स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी असते. तासन्‌तास हळूहळू वीज देऊन ती लवकर मरते.
- मोबाइलची पॉवर बँक. ती ५ व्होल्टची. मधे व्होल्टेज वाढवणारा स्वस्त बूस्टर लावला तर पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडतो.
- ओबीएमची थेट तार. दोरीने सुरू होणाऱ्या छोट्या इंजिनांतून दिव्यासाठी जी तार निघते, तिच्यातली वीज बहुधा रेक्टिफायर-रेग्युलेटरशिवायची (डीसी न केलेली, व्होल्टेज न बांधलेली) असते. इंजिन रेस केलं की व्होल्टेज उसळतो आणि यंत्र जळतं.
- सेल्फ स्टार्ट असलेल्या इंजिनची बॅटरीही शक्यतो वेगळीच ठेवा. स्टार्टर मारताना व्होल्टेज १० च्या खाली जातो आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. भर समुद्रात फिश फाइंडरने इंजिनची बॅटरी संपवली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

सोलर लावायचं असेल तर १० वॉटचं पॅनेल दिवसाला साधारण दोन अँपिअर-अवर भरतं. मधे चार्ज कंट्रोलर हवाच. ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकलेलं पॅनेल उन्हात मोकळं असताना २१-२२ व्होल्टपर्यंत जातं.

## टप्पा ४: घरी चाचणी, एकही भोक न पाडता

१. बॅटरी पूर्ण चार्ज करा. चार्जर काढून तीन-चार तास तशीच ठेवा, मग मल्टिमीटरने मोजा. एसएमएफ १२.७ च्या आसपास हवी. नवी बॅटरी १२.४ वर थांबत असेल तर दुकानात परत द्या.

२. यंत्र जोडा: लाल तार धन, काळी ऋण. निळ्या-तपकिरी बारीक तारा निघाल्या तर त्या डेटासाठीच्या. वापरायच्या नसतील तर प्रत्येकीचं टोक वेगवेगळं टेपने बंद करा.

३. ट्रान्सड्यूसर बादलीत बुडवून यंत्र चालू करा. टिकटिक आवाज येतो आणि पाण्याचं तापमान दिसतं. बादलीतली खोली चुकीचीच दाखवेल, ती मनावर घेऊ नका. इतक्या उथळ पाण्यात ते मोजू शकत नाही.

४. उजेड पूर्ण करून, तुम्ही समुद्रावर असता तितके तास यंत्र चालू ठेवा. शेवटी पडद्यावर व्होल्टेज पाहा. एसएमएफ ११.८ च्या खाली गेली असेल तर बॅटरी छोटी आहे किंवा खराब आहे. हे अंगणात कळलेलं बरं.

त्यानंतर जेट्टीवर जा. ट्रान्सड्यूसर पाण्यात लटकवा, शेजारी शिसं बांधलेली दोरी सोडा आणि दोन्ही आकडे जुळवा. दोन्ही मापं एकाच वेळी घ्या. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत पाणी दोन-अडीच मीटरने हलतं, सकाळची दोरी दुपारच्या पडद्याशी कशी जुळेल?

## टप्पा ५: ट्रान्सड्यूसरची जागा

यंत्राचा डोळा पाण्याखाली आहे. त्याच्यासमोर बुडबुडे आले की पडदा कितीही महाग असो, आंधळा.

मागच्या फळीवर: प्रोपेलरपासून किमान ३८ सेंटिमीटर लांब. बहुतेक ओबीएमचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे उजव्या बाजूला पाती खाली जातात. त्या बाजूला बुडबुडे कमी, म्हणून उजवी बाजू बरी. फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसरचा तळ होडीच्या तळापेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली असावा. पुढे तळावर पट्टी, खिळा, नळीचं तोंड असं काही असेल तर ती रेघ सोडून बसवा.

थेट होडीला भोकं पाडू नका. एचडीपीई प्लास्टिकचा जाडसर तुकडा मरीन ॲढेसिव्हने फळीवर चिकटवा आणि स्क्रू त्या तुकड्यात मारा. जागा चुकली तर स्क्रू दुसरीकडे हलवता येतात, होडीला इजा नाही.

बाजूच्या दांड्यावर: वाळूवर ओढल्या जाणाऱ्या, लाकडी किंवा उलांडीच्या (बाजूला तोल सांभाळणारा ओंडका असलेल्या) होड्यांसाठी हाच मार्ग मला पटतो. स्टीलचा किंवा जाड पीव्हीसीचा दांडा, वर क्लँप, खाली ट्रान्सड्यूसर. जाळं ओढता त्याच्या विरुद्ध बाजूला लावा आणि किनाऱ्याला येताना वर घ्या. क्लँप सैल असला तर दांडा फिरतो आणि शंकू तिरका होतो, म्हणून दांड्यावर आणि होडीवर रंगाची खूण करून ठेवा.

आतून, तळाला चिकटवून: फक्त एकसंध फायबरमध्ये. फोम भरलेल्या तळातून किंवा लाकडातून आवाज नीट जात नाही. आधी पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर ठेवून तिच्यात ट्रान्सड्यूसर बुडवा आणि १० वावात जाऊन पाहा. तळ स्पष्ट दिसला तरच इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) घाला. इपॉक्सीत एकही बुडबुडा राहू नये. अशा जोडणीत तापमान पाण्याचं नाही, होडीच्या तळाचं दिसतं.

तपासा: होडी रिकामी असताना केलेली पातळी जाळं आणि तीन माणसं चढल्यावर बदलते. नेहमीचा भार चढवूनच कोन ठरवा.

## टप्पा ६: तारा

१. बॅटरीच्या धन टोकापासून एक वीत अंतराच्या आत फ्यूज. चार-पाच इंची यंत्राला बहुधा ३ अँपिअर, पुस्तिकेत लिहिलेला आकडाच लावा. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालायचा नाही, कारण शोधायचं.

२. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार, १.५ चौरस मिलिमीटर पुरते. साधी तांब्याची तार खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते.

३. पिळून टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. क्रिंप करा (धातूची नळी पक्कडीने दाबून जोडा), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवा.

४. ट्रान्सड्यूसरची केबल इंजिनच्या तारांपासून आणि वायरलेसच्या अँटेनाच्या केबलपासून लांबून न्या.

५. उरलेली केबल कापू नका. मोठी सैल वेटोळी करून बांधून ठेवा. कापून पुन्हा जोडली की सिग्नल जातो आणि वॉरंटीही.

बॅटरी प्लास्टिकच्या डब्यात, होडीच्या मध्याजवळ, खाली आणि पट्ट्याने बांधून. एसएमएफ चार्ज करताना झाकण उघडं ठेवा, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटू शकतो.

## टप्पा ७: समुद्रावर पहिला दिवस

आधी इंजिन बंद ठेवून तळ दिसतो का पाहा. मग इंजिन न्यूट्रलमध्ये रेस करा. रेसबरोबर पडद्यावरचे ठिपके वाढले तर तो विजेचा गोंगाट, केबलची वाट बदला. न्यूट्रलमध्ये स्वच्छ आणि होडी पळू लागली की तळ तुटतो, तर ते बुडबुडे. ट्रान्सड्यूसर तीन-तीन मिलिमीटर खाली घेत पुन्हा पाहा. हे दोन दोष वेगळे न ओळखल्यामुळे लोक चांगली यंत्रं विकून टाकतात.

सेटिंगमध्ये:

- पाणी: खारं.
- एकक: फॅदम.
- माशांची चित्रं दाखवणारा पर्याय: बंद. यंत्र बुडबुड्यालाही मासा म्हणतं. कच्चा प्रतिध्वनी वाचायला शिका.
- संवेदनशीलता: आधी ऑटो, मग एक-दोन पायऱ्या वर. पडदा भरून ठिपके आले की एक पायरी खाली.

ओळखीच्या खडपावर जा, मग ओळखीच्या चिखलावर. खडपावर तळाची रेघ जाड आणि ठळक येते. पडद्याची खोली प्रत्यक्षाच्या दुपटीहून जास्त ठेवली तर तिच्या बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघही दिसते. चिखलावर रेघ बारीक आणि मऊ. जागा माहीत असताना केलेला हा सराव पुढे अनोळखी जागी कामी येतो.

होडी चालत असताना मासा कमानीसारखा दिसतो. नांगरलेल्या होडीखाली तोच मासा थांबला तर लांब आडवी रेघ काढतो. लांब रेघ म्हणजे मोठा मासा नव्हे. मुशी-वागळीला वाताशय (अंगातली हवेची पिशवी) नसतो, त्यामुळे अंगाच्या मानाने त्यांची खूण फिकी येते. तळाला चिकटून बसलेला मासा आणि चिखलातली कोळंबी बहुधा दिसतच नाही, म्हणून पडदा रिकामा दिसला तरी तांडेलाचा अंदाज मोडीत काढू नका.

## टप्पा ८: परतल्यावर

ट्रान्सड्यूसर आणि प्लग गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. पडदा ओल्या मऊ कापडाने पुसा, कोरडं पुसलं तर मिठाचे कण काच ओरखडतात. थिनर लावू नका. ट्रान्सड्यूसरवर शेवाळ-शिंपले चढू देऊ नका, आणि होडीच्या तळाचा रंग त्याच्यावर जाऊ नये.

एसएमएफ त्याच दिवशी चार्ज करा. अर्धी रिकामी बॅटरी चार दिवस ठेवली तरी आत सल्फेट धरायला लागतं. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला दोन अँपिअरपेक्षा मोठा चार्जर लावू नका.

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बॅटरी घरात आणा. एसएमएफ पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरा. लिथियम साधारण निम्मी भरून, तारा काढून ठेवा. होडी पाण्यात घालायच्या आठवड्याभर आधी टप्पा ४ मधली तासांची चाचणी पुन्हा करा. बॅटरी उतरली असेल तर बदलायला तेवढे दिवस हातात राहतात.